बाई, बेरीज १८०.०१ येतेय

आमच्याकडे तासिका ३५ मिनिटांची. वर्ग स्थिरस्थावर होईपर्यंत पाच मिनिटं जातात. मग प्रमेय फळ्यावर घ्यायचं. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. मुलं खाली माना घालून उतरवून घेतात, मी डस्टर हातात धरून उभी राहते, आणि "झालं का रे सगळ्यांचं?" असं विचारेपर्यंत घंटा होते. सरावसंच घरी. म्हणजे उतरवून घेण्याचं सोपं काम मुलं माझ्यासमोर करायची आणि स्वतः सोडवायचं अवघड काम घरी, एकट्यानं. ज्या घरात नववीचं गणित सांगणारं कुणी नाही, तिथे तो सरावसंच तसाच राहायचा किंवा सकाळी प्रार्थनेच्या आधी कुणाच्या तरी वहीतून उतरायचा. मी एकोणीस वर्षं अशीच भूमिती शिकवली.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळ्यांसारखी मीही मोबाईलवर शिकवायला लागले. स्टीलच्या दोन डब्यांवर पट्टी आडवी टाकायची, तिच्यावर मोबाईल पालथा ठेवायचा, खाली वही. वहीत लिहीत लिहीत बोलायचं. शाळा पुन्हा सुरळीत झाल्यावर हे सगळं बासनात गुंडाळून आम्ही खडूकडे परत आलो. पण जून २०२२ मध्ये माझ्याकडे नववीचा जो वर्ग आला, त्यानं सातवी जवळजवळ सगळी आणि आठवीचा बराच भाग मोबाईलच्या पडद्यावर काढला होता. ऋण संख्यांची बेरीज डळमळीत, अपूर्णांक तर विचारूच नका. अठ्ठेचाळीस मुलं, आणि त्यांतल्या प्रत्येकाचं वेगळ्याच ठिकाणी अडलेलं. फळ्यावर एकच एक शिकवून हे सुटणार नव्हतं. मला मुलांच्या बाकाशेजारी जाऊन बसायला वेळ हवा होता, आणि तो ३५ मिनिटांतूनच काढायचा होता.

पाठ घरी ऐकायचा आणि गणितं वर्गात सोडवायची, ही कल्पना माझी नव्हे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात वुडलँड पार्क नावाच्या गावी जोनाथन बर्गमन आणि एरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक होते. खेळांच्या सामन्यांमुळे मुलांचे तास बुडायचे, म्हणून २००७ च्या सुमारास त्यांनी आपले पाठ रेकॉर्ड करायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या लक्षात आलं की पाठ घरीच ऐकून झाला तर वर्गातला वेळ प्रश्न सोडवायला मोकळा राहतो. फ्लिप्ड क्लासरूम, आपण उलटा वर्ग म्हणू, हे नाव त्यातूनच सगळीकडे पोचलं. एका प्रशिक्षणात मी हे ऐकलं होतं आणि तेव्हा सोडून दिलं होतं. आता डबे आणि पट्टी परत काढली.

सुरुवात वाईट झाली. पहिला व्हिडिओ बावीस मिनिटांचा झाला, कारण मी वर्गातला सगळा तासच त्यात ओतला होता. वर्गाच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर चौदा मुलांनी पाहिला होता, आणि शेवटपर्यंत किती जणांनी, ते मी विचारलंच नाही. बाकीच्या चौतीस जणांचं काय करायचं? मी घाबरले आणि तोच पाठ फळ्यावर पुन्हा घेतला. तास संपल्यावर दुसऱ्या बाकावरची एक मुलगी जवळ आली. "बाई, तुम्ही आज परत शिकवणार होता तर मी काल कशाला बघितलं? पप्पांचा मोबाईल मागून घेतला होता मी." तिच्या आवाजात राग नव्हता, खरोखरचा प्रश्न होता. त्या दिवशी मी ठरवलं की व्हिडिओतलं फळ्यावर पुन्हा घ्यायचं नाही, काहीही होवो. हा एक नियम पाळला नसता तर बाकी सगळं वाहून गेलं असतं, असं मला आजही वाटतं.

मग घरोघरची चौकशी केली. एकोणीस मुलांच्या घरी मोबाईल दिवसभर मिळत होता. वीस जणांच्या घरी तो वडील किंवा मोठा भाऊ कामावरून आल्यावर, म्हणजे आठ-साडेआठनंतर मिळायचा. नऊ जणांच्या घरी साधा फोन. या नऊ जणांसाठी मी रोज शाळा भरायच्या आधी पंचवीस मिनिटं संगणक कक्ष उघडायला लागले. अकरा संगणकांपैकी सात चालत होते. व्हिडिओ पेनड्राइव्हवरून त्यांत टाकून ठेवायचे, म्हणजे इंटरनेट असो नसो. एसटीनं येणारी मुलं तशीही लवकर येऊन पटांगणात बसायची; तीही आत येऊ लागली. मुख्याध्यापकांनी किल्ली माझ्याकडे दिली तेव्हा एवढंच म्हणाले, "बाई, पंखे आठवणीनं बंद करा." एवढा विश्वास पुरेसा होता.

व्हिडिओ बावीस मिनिटांवरून पाच मिनिटांवर आणायला मला दोन महिने लागले. एका व्हिडिओत एकच गोष्ट घ्यायची आणि मधे एकदा थांबून सांगायचं, "आता थांबवा आणि ही आकृती स्वतः काढा." हिंदी-इंग्रजीत तयार व्हिडिओ पुष्कळ आहेत, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवरचं साहित्यही उघडतं, तेही मी देत असे. पण मुलं माझाच बघायची. पुस्तकातले शब्द, त्यांच्या ओळखीचं अक्षर आणि मागे कुकरची शिट्टी. एका आजींनी पालकसभेत मला सांगितलं, "तुमच्या घरी रोज सातला भात लागतो, मला ठाऊक आहे."

पालकांची तक्रारही आली, आणि ती रास्त होती. "पोरगं रात्री अकरापर्यंत मोबाईल सोडत नाही, आणि म्हणतं बाईंनी सांगितलंय." त्यानंतर प्रत्येक व्हिडिओबरोबर तो किती मिनिटांचा आहे, ते मी ग्रुपवर लिहायला लागले. पाच मिनिटं म्हणजे पाचच मिनिटं, हे पालकांनाही कळायला हवं.

पण इतकं करूनही मला एक गोष्ट कळत नव्हती. मूल व्हिडिओ बघतं, मान डोलावतं, आणि त्याच्या डोक्यात नक्की काय जातं? यासाठी मी वर्गाचा ब्लॉग सुरू केला. सगळ्यांना दिसेल असा नाही. फक्त आमच्यापुरता, बाहेरच्याला उघडता येणार नाही असा. फोटो नाही, आडनाव नाही. प्रत्येकानं टोपणनाव घ्यायचं. कुणी 'कर्ण' झालं, कुणी 'परीघ', कुणी 'शून्य'; एक जण 'शेष' झाला, कारण त्याचा पट क्रमांक शेवटचा होता. लिहायचं आठवड्यातून एकदा, आळीपाळीनं. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांनी वहीच्या पानावर लिहायचं, मी पानाचा फोटो टाकायचा. गणिताची चिन्हं मोबाईलवर टाईप करायला जीव मेटाकुटीला येतो, त्यामुळे लवकरच सगळेच पानाचे फोटो द्यायला लागले. ते बरंच झालं. खाडाखोड दिसायची. मूल कुठे थांबलं होतं, ते खाडाखोडीवरून कळतं.

पहिल्या महिन्यातलं लिखाण असं असायचं: "आज बाईंनी समांतर रेषा हा पाठ खूप छान समजावून सांगितला. मला खूप आवडला. गणित हा माझा आवडता विषय आहे." एकापाठोपाठ एक, सगळी अशीच. मुलांचा काय दोष? लिहायचं म्हणजे निबंध लिहायचा आणि बाईंना बरं वाटेल असं लिहायचं, हे आपणच त्यांना शिकवलेलं असतं. मी विषय बदलला. ब्लॉगचं नावच ठेवलं 'अडलंय कुठे?' आणि सांगितलं की बरोबर आलेलं गणित लिहायचंच नाही. चुकलेलं एक गणित घ्यायचं, जसं चुकलं तसं लिहायचं, आणि तेव्हा मनात काय चाललं होतं ते सांगायचं. चुकीला गुण कापले जाणार नाहीत. ते त्यांना दोन आठवडे खरं वाटलं नाही. मग पहिलं पान आलं ते 'कर्ण'चं.

त्यानं लिहिलं होतं: "३क्ष = १२. संख्या बरोबरच्या चिन्हापलीकडे गेली की तिचं चिन्ह बदलतं. म्हणून ३ चे −३ झाले. क्ष = १२ भागिले −३. क्ष = −४. माझं नेहमी असंच चुकतं पण का चुकतं ते कळत नाही कारण मी नियम पाळला आहे."

हे पान मी किती वेळा वाचलं असेल. या मुलाच्या वहीत, आणि त्याच्यासारख्या कितीतरी मुलांच्या वह्यांत, मी वर्षानुवर्षं लाल शाईनं लिहीत आले होते: "चिन्हाकडे लक्ष दे." तो तर चिन्हाकडेच लक्ष देत होता! मी सांगितलेला नियम तो अक्षरशः पाळत होता. 'पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं' हे वाक्य माझं होतं, घाईत दिलेलं, बेरीज-वजाबाकीपुरतं खरं. गुणाकार आला तिथे ते लागू नाही, हे मी कधी स्पष्ट म्हटलंच नव्हतं. मुलांना ते आपोआप कळेल असं धरून चालले होते. त्या मुलाला निष्काळजी समजण्यात मी आख्खं एक सत्र घालवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तासाला 'पलीकडे नेणं' हा शब्दच आम्ही बंद केला. प्रयोगशाळेतला तराजू आणला. एका पारड्यात सारख्या वजनाच्या तीन पुड्या, दुसऱ्यात बारा गोट्या. पुडीत किती गोट्या? कुणीही ऋण चार म्हणालं नाही. दोन्ही पारड्यांचे तीन-तीन सारखे वाटे करा, एवढंच. वर्गातल्या आणखी सहा जणांनी त्या दिवशी हळूच सांगितलं की तेही उणे करायचे.

जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर आम्ही ऑगस्टमध्ये घेतलं. मोफत आहे, एकदा संगणकावर घातलं की इंटरनेटशिवाय चालतं, आणि आमच्या जुन्या संगणकांवरही चाललं. त्रिकोण काढायचा, कोपरा माऊसनं धरून ओढायचा; कोनांची मापं समोर बदलताना दिसतात. व्हिडिओत मी एवढंच सांगितलं होतं: पाच वेगवेगळे त्रिकोण करा, तिन्ही कोन वहीत लिहा, बेरीज करा. माझी अपेक्षा साधी होती. पाचही वेळा १८० येईल, मुलं खूश होतील, आणि मग सिद्धता घेऊ.

'परीघ'नं वहीतून मान वर न करता विचारलं, "बाई, बेरीज १८०.०१ येतेय."

मी म्हटलं, पुन्हा कर. तिनं केली. ५७.३५, ६१.४३, ६१.२३. बेरीज १८०.०१. शेजारच्या मुलाची १७९.९९ आली होती, त्यानं ती खोडून गुपचूप १८० करून ठेवली होती. मग आणखी दोघांनी आपापल्या वह्या दाखवल्या. त्यांनीही तेच केलं होतं. प्रमेय आधीच माहीत असल्यामुळे समोर दिसणारा आकडा खोडायचा! मला त्या खोडण्याचं फार वाईट वाटलं. "यंत्राचं चुकलं" असं म्हणून मी पुढे जाऊ शकत होते. पोर्शन मागे पडला होता. पण 'परीघ'नं संध्याकाळी ब्लॉगवर लिहिलं: "प्रमेय थोडंसं चुकतं का? की फक्त पुस्तकातल्या त्रिकोणांसाठी बरोबर आहे? आणि हे जिओजेब्रा ज्यांनी बनवलं त्यांना कळवायला पाहिजे का?"

कुणी बनवलं, ते मी वर्गात सांगितलं. २००१ साली ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी आपल्या प्रबंधासाठी, विद्यार्थी असताना. विद्यार्थी असताना, हे ऐकून मागचा बाक सरळ झाला. पण पत्र पाठवायच्या आधी आपण शोधू, असं ठरलं.

पुढचे दोन तास यातच गेले आणि माझ्या नोकरीतले ते सर्वांत चांगले तास होते. जिओजेब्राच्या सेटिंगमध्ये दशांशस्थळं वाढवता येतात. दोनाची तीन केली. तोच त्रिकोण: ५७.३४६, ६१.४२७, ६१.२२७. बेरीज बरोबर १८०. मग कोडं सुटलं. प्रत्येक कोन दोन दशांशस्थळांपर्यंत दाखवताना तो थोडा वर किंवा खाली सरकवलेला असतो. इथे तिन्ही वर सरकले होते. 'शेष' म्हणाला, मग कधीतरी १८०.०२ पण यायला पाहिजे. मधल्या सुट्टीत डबा न खाता तो आणि आणखी तिघं कोपरे ओढत बसले. १७९.९९ मिळालं, १८०.०१ मिळालं, १८०.०२ काही मिळेना. घंटा होता होता त्यानं कारण शोधून काढलं. एक कोन जास्तीत जास्त अर्ध्या शतांशानं सरकतो. तीन कोन मिळून दीड शतांश. मग दोन शतांश कुठून येणार? हे मी त्याला शिकवलं नव्हतं. खरं तर तोवर माझ्याही मनात हा प्रश्न आला नव्हता.

आणि त्यानंतर जेव्हा सिद्धता घेतली, शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा, व्युत्क्रम कोन, तेव्हा एका मुलीनं मोठ्यांदा म्हटलं, "यात मोजायचंच नाही काही!" इतकी वर्षं 'सिद्धता कशाला हवी' याचं उत्तर मी "पाच गुणांना येते" असं देत आले. मोजलेलं नेहमी शतांशभर इकडेतिकडे होणार, आणि सिद्धतेत कोनमापक लागतच नाही, हे त्या वर्गाला एकदा कळलं आणि पुन्हा सांगावं लागलं नाही.

उलट्या वर्गात व्हिडिओ हाच मुख्य, असं बऱ्याच जणांना वाटतं. माझ्याकडे चौकशीला येणारे शिक्षकही आधी कॅमेरा कोणता, माईक कोणता हेच विचारतात. मला विचाराल तर व्हिडिओ हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग. तो नुसता जागा मोकळी करून देतो. त्या मोकळ्या जागेत मुलं काय बोलतात, काय लिहितात, आणि ते वाचायला शिक्षक बसतो का, यावर सगळं आहे. अठ्ठेचाळीस पानं वाचायला दर आठवड्याला माझे साडेतीन-चार तास जायचे, बहुतेक रविवारी सकाळी. हा वेळ कुठल्या वेळापत्रकात नाही. अशैक्षणिक कामांच्या रगाड्यात ज्यांना तो काढता येत नाही, त्यांना मी दोष देणार नाही. मलाही निवडणुकीच्या कामाच्या वेळी सलग तीन आठवडे जमलं नाही, आणि मुलांचं लिखाण लगेच "खूप छान समजले"कडे परत गेलं.

निकालाचं सांगायचं तर मधली मुलं वर सरकली. पस्तीस-चाळीस टक्क्यांच्या आसपास घोटाळणारी बरीच जण साठीच्या पुढे गेली. वरची जिथे होती तिथेच राहिली. पाच मुलं मात्र तशीच राहिली. त्यांना भागाकारच येत नव्हता, आणि पाच मिनिटांचा नववीचा व्हिडिओ त्यांच्या काय उपयोगाचा? त्यांच्यासाठी दुसऱ्या सत्रात मी पाचवीच्या अपूर्णांकांपासून वेगळं सुरू केलं. दोघांचं जमलं. तिघांचं अजून चालू आहे. अभ्यासक्रमही दोन आठवडे उशिरा संपला, आणि पृष्ठफळ-घनफळ मला घाईत उरकावं लागलं, याची रुखरुख आहे.

जून २०२३ मध्ये नवी नववी आली. ब्लॉग तोच ठेवला, जुनी पानं काढली नाहीत. नव्या मुलांना सांगितलं की लिहिण्याआधी मागच्यांच्या चुका वाचा. दहावीत गेलेल्यांनाही त्यात लिहायची मुभा ठेवली, कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. जुलैत एका नव्या मुलीनं 'कर्ण'च्या त्या जुन्या पानाखाली दोन ओळी लिहिल्या: "मी पण −४ च काढते. तराजू बघितला तरी पेपरात हात आपोआप उणे लिहितो."

त्याच रात्री 'कर्ण'चं उत्तर आलं. "३ हा क्षला गुणून बसलाय. मिळवून बसला असता तर वजा करून उठवला असता. गुणून बसलेल्याला भागूनच उठवायचं. त्याचं चिन्ह कशाला बदलतेस, त्यानं काय केलंय?"

सकाळी तिनं खाली लिहिलं होतं, "बरं. मग अपूर्णांक असेल तर तो काय करून बसलेला असतो?" आणि त्याखाली 'कर्ण'चं: "थांब, बाईंना विचारू नको. मी बघतो."